हिवराखाली उचललेला भंडारा

जिंतूरहून येलदरीकडे जाताना एका फाट्यावर एसटीतून उतरलं की डाव्या हाताला मुरमाड माळ लागतो. ते माझ्या आजोळचं गायरान. माथ्यावर चढून पाहिलं तर लांब धरणाचं पाणी चमकताना दिसतं. त्या पाण्याचा माळाला काडीचा उपयोग नाही. खाली काळी जमीन, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर. वर मुरूम, आणि मुरमावर गावाची जनावरं.

मी कामासाठी इथे राहायला आले तेव्हा माळावर उभं असं एकच झाड होतं, माथ्यावरचा हिवर. त्याच्याखाली शेंदूर फासलेले दगड आहेत, खंडोबाचं ठाणं, म्हणून तो वाचला. बाकी सगळी घोट्याएवढी, गोल, काटेरी झुडपं. बोर, हेंकळ, खैर, पळस, टेंभुर्णी, आपटा. खरं तर ही झाडंच. काही माझ्या आजोबांच्या वयाची असतील. वर्षानुवर्षं कुऱ्हाडीने तोडलेली आणि फुटवा आला की शेळ्यांनी खाल्लेली. मुळं जिवंत, वर काही नाही.

बाहेरून येणारे सगळे म्हणायचे, इथे झाडं लावा. माझ्या आधी एकदा लावलीही होती. खड्डे घेताना जागा साफ करायची म्हणून हीच झुडपं मुळासकट खणून काढली आणि तिथे गुलमोहर लावले. गुलमोहर पहिल्या उन्हाळ्यात गेले. माळाच्या त्या पट्ट्यात अजून काही उगवत नाही. मला याची आजही चीड येते. जिवंत झाड उपटायचं, मरणारं झाड लावायचं, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, आणि या सगळ्याला हरित म्हणायचं.

मला जे करायचं होतं त्यात लावण्यासारखं काहीच नव्हतं. ज्या छोट्या संस्थेत मी काम करते तिथे मी एवढंच शिकले होते: तीन पावसाळे माळावर जनावर सोडू नका, कुऱ्हाड लावू नका. प्रत्येक ठुणाला, म्हणजे तोडून उरलेल्या बुंध्याला, भाराभर फुटवे येतात, त्यांतले दोन सरळ ठेवून बाकीचे थंडीत छाटा. मुळं जुनी असतात, झाड भराभर वर येतं. काम इतकं साधं आहे की त्याचं उद्घाटन करता येत नाही.

अडचण झाडांची नव्हतीच. अडचण होती, तीन पावसाळे माळ मोकळा कोण ठेवणार ही.

माझे बाबा जिंतूरला शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नवस-सायासाविरुद्ध. पातळ गुलाबी कागदावर छापलेली. मी अक्षर ओळखायला शिकले ती त्या कागदांवर. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं ती वाटायला जायचो. लोक पत्रक घ्यायचे आणि दोन पावलांवर त्यात भजी बांधून घ्यायचे. बाबा म्हणायचे, भजी संपली की वाचतील. मी त्यावर विश्वास ठेवून मोठी झाले. मुद्दा नीट मांडला, छापला, वाचून दाखवला, की माणूस वळतो, एवढी माझी शिदोरी होती.

म्हणून मी ग्रामसभेत ठराव मांडला. मीच लिहिला, मीच वाचला, घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. चार दिवसांत शेळ्या माळावर होत्या. कोणाच्या म्हणून विचारावं तर ज्याने ठरावावर सगळ्यांत आधी सही केली त्याच्या. दंड लावायचा ठरला, तो कोणी वसूल करेना. राखणदार ठेवला, त्याला त्याच्याच भावकीने हाकलून लावलं.

तेव्हा मेंढ्या राखणाऱ्या घरांतले एक म्हातारे बाबा सभेत म्हणाले, "भंडारा उचलू."

भंडारा उचलणं म्हणजे खंडोबाच्या ठाण्यावर चिमूटभर हळद हातात घेऊन सगळ्यांसमोर शब्द देणं. तो शब्द मोडला तर देव बघून घेतो. घरातलं माणूस जातं, जित्राब मरतं, विहीर आटते, असं समजतात. माझ्या बाबांचं एक अख्खं पत्रक या शपथेवर होतं. मी उभी राहिले आणि ते जवळजवळ पाठ म्हटलं. भीती दाखवून राखलेला माळ हा राखलेला माळ नव्हे, वगैरे. माझ्या आवाजात धार होती. लोक शांतपणे ऐकत होते आणि मला वाटलं, वळतायत.

गावाच्या सोसायटीचे एकेकाळचे चेअरमन आहेत. सोसायटी केव्हाच गेली, पण गाव अजून त्यांना चेअरमनच म्हणतं. आजोळच्या नात्याने ते माझे मामा. ते हसत म्हणाले, "भाचीबाई, ठराव तुमचा, भंडारा आमचा. बगू कोन्ता टिकतो."

दुसऱ्या दिवशी घरटी एका माणसाने हिवराखाली भंडारा उचलला. तीन पावसाळे गायरानात जित्राब सोडणार नाही, कुऱ्हाड-कोयता लावणार नाही, फक्त पावसाळ्यात विळ्याने गवत कापून न्यायची मोकळीक. मी खाली रस्त्यावर हाताची घडी घालून उभी होते.

आणि माळ बंद झाला. राखणदार नाही, कुंपण नाही, कडेने चुना मारलेले दगड तेवढे ठेवलेले. शेळ्या त्या दगडांपर्यंत यायच्या आणि त्यांचे धनी त्यांना मागे ओढायचे. पहिल्या पावसाळ्यात फुटवे गुडघ्याच्या वर आले. दुसऱ्या वर्षी आपट्याला माझ्या खांद्याएवढ्या काठ्या झाल्या. खैराची पानं उन्हात हलताना मी पहिल्यांदा पाहिली, तोवर मला खैर म्हणजे जमिनीवरचा काटाच माहीत होता. संस्थेला पाठवायच्या अहवालात मी 'लोकसहभाग' असा शब्द लिहायची. हळदीचा उल्लेख कुठे करत नव्हते.

छाटणी करणारी मी एकटी. मी भंडारा उचलला नव्हता, त्यामुळे माझ्या कात्रीला देवाची हरकत नव्हती. हे मला मी राहते त्या आजोळच्या घराला लागून राहणाऱ्या मावशीने समजावून सांगितलं होतं. सख्खी नव्हे, आईच्या लहानपणची मैत्रीण. तिचा नवरा परभणीला गवंड्याच्या हाताखाली काम करतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. ती, तिची सून, सुनेचं तान्हं लेकरू आणि दहा-बारा शेळ्या. घर चालतं ते शेळ्यांवर. तिनेही त्या दिवशी भंडारा उचलला होता, नवरा गावात नव्हता म्हणून. बायकांत ती एकटीच. मी छाटलेला पाला तिला द्यायची. ती म्हणायची, "तू न्हाई मानत ते लय बरं हाय बग. न्हाईतर हे कोन छाटलं असतं?"

मग दुसरा पावसाळा अर्ध्यातच थांबला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात चारा उरला नव्हता. पूर्वी ज्वारी असायची, कडबा असायचा. आता जिकडे तिकडे सोयाबीन, आणि सोयाबीनच्या भुसाला शेळी नीट तोंड लावत नाही. मेंढ्या असलेली घरं दरवर्षीप्रमाणे कळप घेऊन गोदेकडच्या गावांना निघून गेली. शेतीवाल्यांच्या म्हशी गोठ्यात, त्यांच्यासाठी खळ्यावर तुरीच्या भुसकटाचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले. उरल्या त्या शेळ्यावाल्या बायका. त्यांना लेकरं, म्हातारी माणसं सोडून कळपामागे जाता येत नाही, आणि त्यांना खळं नाही. त्यांच्यासाठी गायरान होतं. ते आपण बंद करून बसलो होतो.

मावशी तोंडाची तिखट आहे. रोज सकाळी मला माळाकडे निघालेली बघून काहीतरी म्हणायचीच.

"लय फोफावायलीत गं तुजी झाडं. माजी काळी मातर वाळून काटी झाली. तिला बी तुज्या ठुणाच्या लायनीत उभी कर. दोन पाय ठिव, दोन छाट."

काळी शेळी म्हणजे तिची सगळ्यांत दुधाची. नुकतीच व्यालेली. करडू ढुसण्या मारत होतं आणि आचळात काही नव्हतं. सुनेच्या लेकराचं दूधही तिचंच.

हसायची ती आणि मग हसणं थांबायचं. मी खाली मान घालून निघायची.

एका संध्याकाळी मी माळावरून उतरत होते तेव्हा ती चुन्याच्या दगडांपाशी शेळ्या घेऊन उभी होती. शेळ्या दाव्याला ओढ देत होत्या. आत हातभर अंतरावर बोरीचे कोवळे शेंडे होते. ती किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"तू तर ह्याला मानत न्हाईस न्हवं?" तिने विचारलं.

"नाही मानत."

"मंग तू सांग. म्या ह्या सोडल्या, तर काय व्हईल?"

चेष्टा नव्हती. माझ्याकडे ती बघत होती ते डॉक्टरकडे बघतात तसं. आणि या प्रश्नाचं उत्तर तर मला लहानपणापासून पाठ होतं. काही होणार नाही, मावशी. हळद ती हळद. कोणाचं लेकरू तिने मरत नाही, कोणाची विहीर आटत नाही. ते उत्तर खरं होतं. आजवर शेकडो माणसांना मी ते न विचारता दिलं होतं. कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

पण तिच्या शेळ्या आत गेल्या असत्या तर उद्या सकाळी गावच्या सगळ्या शेळ्या आत असत्या, आणि आठवड्याभरात माळ पुन्हा घोट्यापर्यंत आला असता. फुटवे अजून शेळीच्या तोंडाच्या टप्प्यात होते. अजून एक पावसाळा हवा होता.

मी म्हणाले, "दोन दिवस थांब."

"दोन दिसांत देव बदलतो का?"

"मी चेअरमन मामांशी बोलते."

"मंग दोन दिस न्हाई," ती शेळ्या मागे ओढत म्हणाली, "दोन साल लागतेत."

चेअरमन मामांच्या ओसरीवर दुपारी चार-सहा माणसं असतातच. मी गेले तेव्हा चहा चालला होता. मी बसले नाही. उभ्यानेच विचारलं, "मामा, भंडारा सगळ्यांनी उचलला, बरोबर?"

"बरोबर."

"तुमची म्हैस गायरानात कधी गेली होती?"

"माज्या म्हशीला फिरायचा नाद न्हाई," ते म्हणाले. ओसरी हसली.

"मग तुम्ही काय सोडलं? ज्याचं काहीच जात नाही त्याने शपथ घेतली काय आणि नाही घेतली काय. सगळ्यांनी सारखी हळद उचलली. पोट मात्र शेळ्यावाल्या चार बायकांचंच कापलं गेलं. झाडं उभी राहिली की सावली सगळ्यांना. आपटा, टेंभरं, सरपण, विहिरींना पाझर, सगळ्यांना. आणि त्याची किंमत मोजायची दावणीला बांधलेल्या शेळ्यांनी. हा कसला न्याय? तुमच्या खळ्यावर भुसकट पडून आहे. घरटी रोज एक टोपलं द्या. पाऊस पडेपर्यंत. जो भंडारा समान नाही तो भंडारा नाही!"

बोलताना माझा आवाज चढला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलनं? च्या घ्या." मग बशी खाली ठेवत म्हणाले, "मुद्दा चुकीचा न्हाई तुमचा. देऊ की भुसकट. आज देऊ, उद्या देऊ. परवा तुमाला पुन्याला नोकरी लागली अन् तुमी गेलाव. मंग आमी भुसकट कुनाच्या जिवावर द्यायचं? गायरान कोन राखायचं?"

"मी कुठेही जात नाही. शब्द देते."

"शब्द तर ठरावावर बी व्हता. सह्या तुमीच घेतल्या व्हत्या."

पुन्हा हशा.

"मग काय करू म्हणता?"

"हिवराखाली या. तिसरा पावसाळा सरेपर्यंत गाव सोडनार न्हाई मनून भंडारा उचला. तुमी उचलला की आमी बी भुसकटाचा उचलतो. जागच्या जागी."

"मी हे मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"तेच मनायलो मी," मामा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तुमी मनताव, निस्ती हळद हाय. मंग हळद उचलायला काय जातंय?"

मी ओसरीवरून उतरले. याचं उत्तर घरी येताना सुचलं, तेही लंगडंच. त्यांना माझी श्रद्धा नको होती. मला ती नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी एकदा सगळ्यांसमोर हिवराखाली वाकावं, म्हणजे मग मी बाकीच्यांसारखी झाले, मग माझ्याशी व्यवहार करता येईल, असा तो हिशेब. आणि मला रागही नीट येईना. त्यांच्या जागी मीही बाहेरून आलेल्या, पगारी, लग्नाच्या वयाच्या मुलीवर भरवसा ठेवला नसता.

मावशीला सांगितलं तर ती उसळलीच.

"येडी हायस का गं? तू नको उचलू."

"तुझ्या शेळ्यांसाठीच उचलायचाय."

"माज्या शेळ्यांचं मी बगीन." तिने करडाला बाजूला ढकललं आणि माझ्यासमोर बसली. "हे बग. गावात एक तरी मानूस पायजे न माननारं. सुनंचं लेकरू मदी आठ दिस तापलं व्हतं, तवा बाया मनायल्या, ह्यांच्या शेळीनं दगडाच्या आत तोंड घातलं मनून. माजं काळीज हाललं व्हतं. मंग तू आलीस अन् मनलीस, काय येड्यावानी बोलतेत ह्या, डासानं ताप येतो. तवा कुटं मला झोप लागली. तू बी हळद लावून बसलीस तर मी कुनाकडं बगू?"

मला ते आठवतही नव्हतं. मी सहज म्हणून गेले असेन. इतकी वर्षं पत्रकं वाटून बाबांना आणि मला वाटायचं की कोणी ऐकत नाही. ही ऐकत होती. ती स्वतः मानत होती, सोडणार नव्हती, पण शेजारच्या घरात एक न मानणारी आहे याचा तिला आधार होता.

हे कळल्यावर तरी मी थांबायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. दावणीला काळी ओरडत होती. दुसरं काय करायचं होतं ते मला आजही कोणी सांगावं.

सकाळी सगळे माळावर जमले. मेंढ्यांबरोबर न गेलेले ते म्हातारे बाबा ताटलीत भंडारा घेऊन बसले होते. आधी मी उचलला. चिमटीत हळद घेतली, तिसरा पावसाळा सरेपर्यंत गाव सोडणार नाही म्हणून सांगितलं. हळद थंड होती, किंचित ओलसर. म्हाताऱ्या बाबांनी ती अंगठ्याने माझ्या कपाळाला ओढली. मग मामांनी उचलला, मग बाकीच्यांनी. घरटी रोज टोपलंभर भुसकट, पाऊस पडेपर्यंत. येळकोटाचा गजर झाला तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. कोणी काही म्हणालं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं लवकर आटोपलं.

मावशी वर आली नाही. ती खाली रस्त्यावर शेळ्या धरून उभी होती.

जिंतूरला माझ्या बाबांना मी फोनवर सांगितलं. मी वाट पाहत होते, ते रागावतील, मग मला भांडता येईल. ते म्हणाले, "भुसकट कोरडं आहे का? बघून घे. तुरीला ओल लागली की वाया जातं."

पहिले काही दिवस टोपली आपोआप आली. मग मला घरोघरी जाऊन आणावी लागली. डोक्यावर टोपलं, भुसकटाची कुसळं मानेत. एका घरचं घेऊन दुसऱ्या घरी, मग चार दावणींना वाटत फिरायचं. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. कोणी नाही म्हणत नव्हतं, हे मान्य करायला हवं. भंडारा उचललेला होता. फक्त हळूहळू टोपल्यातला माल बदलला. ढिगाच्या वरचं, चांगलं, म्हशींना. तळाचं, आदल्या वर्षीचं, पावसाने भिजून काळं पडलेलं, गठ्ठे झालेलं, टोपल्यात.

मी मामांकडे गेले. "याला बुरशी आलीय, मामा."

"टोपलं भरून हाय न्हवं?"

"आहे."

"मंग?"

शब्द पाळला जात होता. टोपलं भरायचं कबूल केलं होतं, ते भरत होते. कसल्या भुसकटाने, ते कोणी उचललं नव्हतं.

मी बुरशीचं वेचून टाकायची, पण चार दावणींचं एकटीने किती वेचणार? काळीला हगवण लागली. मग आणखी दोघींना. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं, खाणं बदला म्हणाले. मावशीने खाणं काय बदलावं? अंगावर थोडं मांस आहे तोवर विकाव्यात असं तिने ठरवलं. जिंतूरच्या बाजाराला मी तिच्याबरोबर गेले. टेंपोत काळीला धरायला हात पुढे केला तर म्हणाली, "तिला धरू नको. तिला कळतं." करडू घरीच ठेवलं होतं.

तिन्ही शेळ्या दुपारच्या आतच गेल्या. भाव केला तिनेच. मी पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी उभी होते.

परत येताना एसटीत गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली. मांडीवर तिन्ही दावी गुंडाळून ठेवलेली. बस सुटल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाया मनायल्यात, तुज्यामुळं झालं."

"माझ्यामुळे?"

"मानत न्हाईस अन् उचललास. खोटा भंडारा. मनून शेळ्या लागल्या."

"मावशी, भुसकटाला बुरशी होती. तू डोळ्यांनी पाहिलीस. बुरशी खाल्ली की शेळी आजारी पडते. यात भंडाऱ्याचा काय संबंध?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकल्यासारखं.

"आता तू असंच मननार, बाई," ती म्हणाली. "तुजा बी भंडारा हाय आता त्येच्यात. तुला तुजी बाजू धरावीच लागंल."

मी पुष्कळ बोलू शकले असते. जे मी म्हणाले ते खरं होतं, शब्दन्‌शब्द खरं, आणि तिच्यासाठी आता त्याचं वजन बाकीच्या बायांच्या बोलण्याएवढंच उरलं होतं. बाहेर सगळं पिवळं, करपलेलं. येलदरीकडून येणाऱ्या एका बसने हॉर्न दिला, आमच्या ड्रायव्हरने दिला. मावशीने एक दावं सोडून पुन्हा नीट गुंडाळलं.

फाट्यावर उतरलो. डावीकडे माळ होता. एवढ्या उन्हातही आपट्याला पालवी होती. शेळ्या आत गेलेल्या नव्हत्या. सगळा उन्हाळा एकदाही नाही. मावशी चालता चालता क्षणभर तिकडे बघून पुढे निघाली. घरी तिची अजून सात-आठ जितराबं उपाशी बांधलेली होती, आणि पावसाचा पत्ता नव्हता.

मी घरात गेलेच नाही. ओट्यावरचं टोपलं उचललं आणि सरळ चेअरमन मामांच्या खळ्याकडे गेले. मामा बाजेवर पडले होते. मी त्यांना काही न विचारता ताडपत्री वर केली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आतलं भुसकट कोरडं होतं, सोनेरी, तुरीचा वास येणारं.

"ओ भाचीबाई," मामा उठून बसले. "ते म्हशीचं हाय. तुमचं तिकडं काढून ठिवलंय."

"टोपलं भरून द्यायचं म्हणाला होतात," मी म्हणाले. "कोणत्या ढिगातलं ते म्हणाला नव्हतात. मी इथलं घेणार."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या बी इथलंच घेताव का?"

"रोज."

ते पुन्हा आडवे झाले. मी टोपलं दाबून दाबून भरलं. हात भरून आले होते, पाठ दुखत होती. भरल्यावर एकटीला ते डोक्यावर घेता येईना, आणि मामा काही उठले नाहीत. मग मी ते गुडघ्यावर घेतलं, तिथून कमरेवर, आणि तसंच मावशीच्या दावणीकडे निघाले.